दुसरी प्रत कुठे आहे?

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम जोरात चालू होते. सगळा चित्रपट संगणकावरच तयार होत होता. एके दिवशी कुणीतरी फाइली पुसून टाकण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि पडद्यावरून एकेक गोष्ट नाहीशी होऊ लागली. नायक वुडीची टोपी गेली, बूट गेले आणि पाठोपाठ वुडीही गेला. धावाधाव करून यंत्र बंद करेपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता.

तरीही मंडळी फार घाबरली नाहीत. बॅकअप म्हणजे राखीव प्रत नियमितपणे घेतली जात होती. मात्र ती उघडून पाहिल्यावर सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण बॅकअपची व्यवस्था कित्येक दिवसांपासून नीट चालतच नव्हती. तो कुणी कधी उघडून पाहिलाच नव्हता, त्यामुळे हे कुणाला कळलेही नव्हते.

चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. त्यांच्या घरी लहान बाळ होते. घरून काम करता यावे म्हणून त्यांनी चित्रपटाची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून, मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवून, खड्डे चुकवत स्टुडिओत आणण्यात आला. (पुढे कथेत बदल झाले आणि बराचसा चित्रपट नव्याने करावा लागला, ती गोष्ट वेगळी.) नोव्हेंबर १९९९ मध्ये तो पडद्यावर आला.

जिथे संगणकतज्ज्ञांची फौज होती तिथे ही अवस्था झाली. सर्वसाधारण घरात तर 'घरातला संगणकवाला' म्हणजे बारावीतला मुलगा, आणि तोही पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाणार!

आज अशा घरातल्या संगणकात काय काय असते? मुलीच्या लग्नाचे फोटो, नातवाचे बारसे, आजोबांनी सांगितलेल्या जुन्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, घराच्या खरेदीखताच्या आणि सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती, दुकानाचा हिशेब, विम्याचे कागद. पूर्वी यातले बरेचसे आपोआपच दोन-तीन ठिकाणी राहत असे. लग्नाचा एक अल्बम सासरी असायचा, एक माहेरी, निवडक फोटो मामाच्या शोकेसमध्ये आणि निगेटिव्ह फोटोग्राफरकडे. कुणी मुद्दाम व्यवस्था केलेली नसे, पण एका घराला वाळवी लागली तरी दुसऱ्या घरातला अल्बम शाबूत राहायचा. आता तेच फोटो हजारोंनी निघतात आणि सगळे मिळून तळहाताएवढ्या एका डबीत राहतात. सोय झाली खरी, पण ती मामाच्या शोकेसमधली प्रत मात्र गेली.

डबीच्या आत

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि एवढ्या धुडात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच तेवढी जागा घेतो.

तत्त्व मात्र बदललेले नाही. घरोघरी असलेल्या हार्ड डिस्कमध्ये आजही चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. माहिती वाचणारे टोक तबकडीला न टेकता तिच्यावर तरंगते. दोघांमधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. डिस्क चालू असताना टेबलावरून पडली तर काय होईल, हे सांगायला नकोच.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नाही, माहिती विजेच्या अतिसूक्ष्म साठ्यांच्या रूपात राहते. ती वेगवान असते आणि धक्का सोसते, पण अमर नसते. ती बंद पडते तेव्हा बहुधा कुरकुर न करता, एकाएकी पडते. शिवाय विजेचा तो साठा हळूहळू झिरपत असतो. त्यामुळे एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह माहिती भरून वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देणे शहाणपणाचे नाही.

'डिस्क बिघडायला लागली की कळेलच, तेव्हा प्रत काढू', असे म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कवर लक्ष ठेवून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवत असते. बिघाडाची चाहूल देणाऱ्या अशा चार प्रमुख नोंदी त्यांनी तपासल्या. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी या चारांपैकी एकही लक्षण आधी दाखवलेले नव्हते!

लक्षण दिसलेच, म्हणजे डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला किंवा फाइल उघडायला विनाकारण मिनिटे लागू लागली, तर ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. प्रत्येक खेपेला तबकडीवर आणखी ओरखडे उमटू शकतात. अशा डिस्कमधून माहिती काढणारे तज्ज्ञ असतात. ते धूळविरहित खोलीत ती उघडतात, त्याला खर्च भरपूर येतो आणि यशाची हमी कुणी देत नाही. चुकून पुसलेल्या फाइलींचे गणित थोडे वेगळे आहे. फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी मजकूर लगेच जात नाही, फक्त ती जागा 'मोकळी' अशी नोंद होते. म्हणून त्या डिस्कवर नवे काही न लिहिता ती ताबडतोब बाजूला ठेवली तर फाइल परत मिळण्याची आशा असते. एसएसडी बहुधा अशी जागा थोड्याच वेळात खरोखर साफ करून टाकते, त्यामुळे तिथे आशा कमीच.

जी प्रत वाटते पण नसते

अनेक घरांत संगणक बसवून देणारा माणूस जाताना सांगून जातो, 'सी ड्राइव्हमध्ये विंडोज, तुमचे महत्त्वाचे डी ड्राइव्हमध्ये ठेवा.' सल्ला वाईट नाही. विंडोज नव्याने टाकताना डी ड्राइव्हमधले बहुधा शाबूत राहते. पण यातून असा समज झाला आहे की डी म्हणजे वेगळी, सुरक्षित तिजोरी. पुष्कळ संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच खोलीत मध्ये पडदा लावावा तसे ते आहे. छप्पर कोसळले तर दोन्ही बाजूंवर कोसळणार. एकच फोटो सी आणि डी दोन्हीकडे ठेवणाऱ्या घरात प्रत्यक्षात प्रत एकच असते.

दुसरा गैरसमज मोबाइलचा. 'फोटो गूगलवर जातात, आता काळजी नाही.' ते जातात हे खरे. पण फोनमधल्या फोटोंच्या ॲपमध्ये एखादा फोटो पुसला, तर तो तिकडूनही पुसला जातो. काही दिवस तो कचरापेटीत पडून राहतो आणि मग कायमचा जातो. फक्त फोनमधली जागा रिकामी करायची असेल तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय असतो. हा फरक न कळल्यामुळे सहलीचे सगळे फोटो गमावणारी मंडळी थोडीथोडकी नाहीत. दोन्हीकडचे सारखे ठेवणे हे एक काम आणि राखीव प्रत सांभाळणे हे दुसरे. आरशात दुसरा माणूस दिसतो, पण आपण दूर झालो की तोही जातो. फुकट मिळणारी जागाही अमर्याद नाही. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती पुसण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. निवृत्त वडिलांच्या खात्यात घरभराचे फोटो असतील आणि पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक असेल, तर त्याचाही विचार वेळीच झालेला बरा.

तिसरा प्रकार कायम जोडून ठेवलेल्या डिस्कचा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने दीडशे देशांतील संगणकांना घेरले. त्याने फाइलींना कुलूप घातले आणि किल्लीसाठी पैसे मागितले. असे व्हायरस संगणकाला त्या वेळी जोडलेल्या डिस्कवरील फाइलींनाही सोडत नाहीत. प्रत काढून झाली की वायर काढून डिस्क कपाटात गेली पाहिजे.

दुसऱ्या घरात

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक साधा नियम आहे. तो ३-२-१ या आकड्यांनी ओळखला जातो. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. पहिले दोन आकडे लोक पाळतात. तिसऱ्याचा आळस होतो, आणि तोच एक जिवावर बेततो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यात तळमजल्यावरच्या घरांतील संगणक भिजले आणि शेजारच्या कपाटातले अल्बमही भिजले. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याची राखीव प्रत एकाच खोलीत असतील तर दोन्ही बरोबरच जातात. मोठ्यांचीही सुटका नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी संगणककेंद्राला आग लागली. त्यात 'जी-ड्राइव्ह' ही सरकारी कर्मचाऱ्यांची सामाईक साठवण जळाली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि बाहेर कुठेही दुसरी प्रत नव्हती. बाजारात मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या साडेआठशेहून अधिक डिस्क भरतील एवढे कागद एका आगीत गेले.

घरासाठी यावर फारसा खर्च नसलेला उपाय आहे. दोन भावंडांनी प्रत्येकी एक जादा डिस्क घ्यावी. इंदूरच्या भावाची प्रत नागपूरच्या बहिणीकडे आणि तिची त्याच्याकडे. भाऊबीजेला गाठ पडते तेव्हा डिस्क बदलायच्या. इंटरनेटवरील साठवणीचे पैसे भरायची तयारी असेल तर तेही चालेल, पण दरवर्षी न चुकता भरावे लागतील. डिस्कवर नाव आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी हवीच. बिनानावाच्या तीन सारख्या काळ्या डब्या घरात असल्या की त्यातली 'रिकामी' समजून पुसलेली हमखास भरलेली निघते.

आणि प्रत उघडून पाहायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कित्येक घरांत व दुकानांत संगणकालाही झेंडूचा हार घातला जातो. त्याच दिवशी राखीव डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला जोडावी आणि तीन-चार फाइली उघडून पाहाव्यात. एक सर्वांत जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक गेल्याच महिन्यातले पत्र. व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, हेही पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. पिक्सारमध्ये ते कुणी केले नव्हते.

बिऱ्हाड हलवताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. त्यामुळे अनेक घरांत नवा संगणक आला किंवा येऊ घातला आहे. जुन्याकडून नव्याकडे माहिती नेण्याचा हा प्रवास म्हणजे खरी परीक्षा. माहिती जागच्या जागी असताना जेवढी हरवत नाही, तेवढी हलवताना हरवते. अमेरिकेतील मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये मान्य केले की संगणक बदलताना जुनी गाणी, फोटो आणि चित्रफिती नष्ट झाल्या. २००३ ते २०१५ या काळात हौशी कलावंतांनी तिथे चढवलेली गाणी सुमारे पाच कोटी असतील, असा अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या कित्येकांनी स्वतःकडे दुसरी प्रत ठेवलेली नव्हती.

हलवताना पहिली गोष्ट म्हणजे 'कट' हा शब्द विसरायचा. 'कॉपी' करायचे आणि मूळ जागेवरचे तसेच राहू द्यायचे. मध्येच वीज गेली, वायर हलली, तर 'कट' केलेल्यांपैकी काही इकडे, काही तिकडे आणि काही कुठेच नाही, असे होऊ शकते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या मुख्य फोल्डरवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहावे. फाइलींची संख्या आणि एकूण आकार बाइटपर्यंत जुळला पाहिजे. १८,४१२ फाइलींच्या जागी १८,४०९ दिसल्या, तर त्या तीन कोणत्या हे शोधल्याशिवाय उठायचे नाही. त्यात नेमके बारसे असते.

इथे दोन गोष्टींनी लोक विनाकारण गोंधळतात. एक टेराबाइटची नवी डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते आणि दुकानदाराने फसवले असे वाटते. फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक. दुसरे म्हणजे, पेन ड्राइव्हवर ३२ जीबी जागा रिकामी असूनही लग्नाचा पाच जीबीचा व्हिडिओ 'फाइल फार मोठी आहे' म्हणून नाकारला जातो. तो पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि त्या पद्धतीत चार जीबीहून मोठी एकसंध फाइल बसतच नाही. त्यावरचे सगळे दुसरीकडे काढून घेऊन 'एक्सफॅट' पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केला की काम होते.

'डॉक्युमेंट्स' फोल्डर हलवले म्हणजे सगळे आले, असेही नसते. अर्धे घर डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये पसरलेले असते. टॅलीतला दुकानाचा हिशेब त्याच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असतो. त्यासाठी टॅलीतच बॅकअप घेण्याची सोय आहे, ती वापरावी. काहीजण संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल म्हणजे 'क्लोन' करतात. त्यात विंडोजसकट सगळे जसेच्या तसे येते. पण कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे निवडताना उलटे झाले तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळे स्वच्छ होते. क्लोन करण्याआधी साधी कॉपी झालेली असावी, ती यासाठी.

नव्या लॅपटॉपचे एक कुलूपही लक्षात ठेवावे लागते. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्कवरील मजकूर आपोआप सांकेतिक होतो. चोराच्या हाती लॅपटॉप गेला तर हे वरदानच. पण लॅपटॉपच बिघडला आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आज ती पाहून कागदावर उतरवली आणि तो कागद बँकेच्या कागदपत्रांत ठेवला, तर पुढे रडायची वेळ येत नाही.

मराठी माणसाच्या संगणकात आणखी एक अडचण दडलेली असते. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर श्री-लिपी, आयएसएम, आकृती अशा सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित होत असे. त्यांतल्या बहुतेक फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या नव्या संगणकावर अशी फाइल उघडली की आजोबांच्या आत्मचरित्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ती फाइल खराब झालेली नसते, म्हणून पुसू नये. मूळ फाँट कोणता हे शोधून, परिवर्तक सॉफ्टवेअरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मग काही जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासून दुरुस्त करावे लागतात. जुना संगणक अजून चालू असेल तर त्यातली ती फाँटची फाइलही बरोबर घ्यावी आणि मजकूर एकदा छापून काढावा. फ्लॉपी आणि सीडींचेही तसेच. त्यांच्यावर काही असेल तर ते वाचणारे यंत्र कुणाकडे तरी आहे तोवरच उतरवून घ्यायला हवे. सीडी जुनी होत जाते तशी वाचता न येण्याची शक्यता वाढते, आणि नव्या लॅपटॉपना तर ती घालायची फटच नसते.

राहिली जुनी डिस्क. नव्या संगणकावर सगळे आले, प्रती झाल्या, भावाकडेही एक गेली, तरी ती निदान तीन-चार महिने तशीच ठेवावी. एवढ्या काळात 'अरे, ते अमुक राहिलेच' असे एकदा तरी होते. त्यानंतर ती विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर नुसते 'डिलीट' पुरेसे नाही, हे वर आलेच आहे. फिरत्या हार्ड डिस्कला फॉरमॅट करताना विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून टाकली की ती सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिते. त्याला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपावे. एसएसडीसाठी तिच्या कंपनीचे 'सिक्युअर इरेज' हे साधन वापरावे. जी डिस्क चालूच होत नाही ती मात्र भंगारवाल्याच्या पोत्यात तशीच टाकू नये. त्यातले आधार कार्ड आणि बँकेचे कागद अजून आतच आहेत. तिच्या तबकड्यांना ड्रिलने दोन-तीन आरपार भोके पाडून मग ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.